पक्षाविरुद्ध बोललं म्हणून आमदारकी जात नाही

एखाद्या आमदारानं स्वतःच्याच सरकारला चार शब्द सुनावले की दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो: ‘सरकारला घरचा आहेर’. प्रवक्ते म्हणतात, हे पक्षाच्या व्यासपीठावर मांडायला हवं होतं. आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, आता याची आमदारकी गेली.

गैरसमज: जाहीर टीका केली की पक्षांतरबंदी लागते.

नाही लागत. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या दहाव्या अनुसूचीत पक्षाच्या आमदाराचं पद जाण्याची मुख्य कारणं दोनच आहेत: व्हिप मोडून मतदान करणं किंवा मतदानाला न येणं, आणि स्वेच्छेनं पक्ष सोडणं. पहिल्या बाबतीत पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर विषय तिथंच संपतो. खरी मेख दुसऱ्यात आहे. गोव्यात १९९० मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दोन आमदारांनी राज्यपालांपुढे जाऊन आपण पक्षासोबत नसल्याचं दाखवलं. राजीनामा मात्र दिला नव्हता. रवी नाईक खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांची अपात्रता कायम ठेवली. राजीनाम्याचा कागद नसला तरी वागण्यावरून पक्ष सोडल्याचं ठरू शकतं, असं न्यायालयानं म्हटलं.

याच निकालाच्या धाकानं अनेक आमदार तोंडाला कुलूप लावून बसतात. पण पुढचा निकाल त्यांना कुणी सांगत नाही. कर्नाटकात २०१० मध्ये भाजपच्या ११ आमदारांनी मुख्यमंत्री येडियुरप्पांवर विश्वास उरला नसल्याचं थेट राज्यपालांना लिहून कळवलं. विधानसभा अध्यक्षांनी घाईघाईत त्यांना अपात्र ठरवलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. नेता नको म्हणणं म्हणजे पक्ष सोडणं नव्हे.

हकालपट्टी झाली तरी सभागृहातली जागा जात नाही. पक्ष पद काढतो, तिकीट कापतो, कारणे दाखवा नोटीस धाडतो. त्याच्या हातात तेवढंच. माकपनं २००७ मध्ये अच्युतानंदन आणि पिनराई विजयन या दोघांना जाहीर भांडणापायी पॉलिट ब्यूरोतून निलंबित केलं. त्यानंतरही अच्युतानंदन केरळचे मुख्यमंत्री होतेच.

गैरसमज: नियम सगळ्यांना सारखाच.

मंत्र्याची गोष्ट निराळी. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. निर्णय पटत नसेल तर खुर्ची सोडायची. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं. मोहन धारिया मंत्री असतानाच जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा म्हणाले, तेव्हा मार्च १९७५ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. खासदारकीला धक्का लागला नाही. साध्या खासदाराला तर असं कुठलंच बंधन नाही. फिरोज गांधींनी १९५७ मध्ये काँग्रेसच्या बाकांवरून लोकसभेत मुंदडा घोटाळ्याचं प्रकरण काढलं, चौकशीला न्यायमूर्ती छागला बसले आणि स्वपक्षाचेच अर्थमंत्री कृष्णम्माचारी गेले. त्यानं काँग्रेस दुबळी झाली म्हणावं, तर १९६२ ची निवडणूक तिनं आरामात जिंकली.

गैरसमज: बंद दाराआड बोललं की काम होतं आणि कुणी दुखावत नाही.

कधी होतं. १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर संसदेत, वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली होती, पण त्यांना घालवलं ते काँग्रेसच्या स्वतःच्या खासदारांनी, पक्षाच्या अंतर्गत बैठकांत. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेऊन मेननना संरक्षण उत्पादनावर ठेवलं. खासदारांना ती पळवाट पटली नाही आणि ७ नोव्हेंबरला राजीनामा आला. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं आपण मेनननंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांबद्दल अभिमानानं सांगतो. त्यांची ती वाट या बैठकांनी मोकळी केली, हे सहसा सांगत नाही. तिथं खुद्द पंतप्रधान ऐकायला बसत होते, म्हणून ते जमलं.

ऐकणारं कुणी नसेल तर बंद पाकीटही उघडं पडतं. ऑगस्ट २०२० मध्ये काँग्रेसच्या २३ नेत्यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं. आपल्याकडचे पृथ्वीराज चव्हाण, मुकुल वासनिक, मिलिंद देवरा त्यांत होते. रीतसर, पक्षाध्यक्षांच्या नावानं. पत्र फुटलं. २४ ऑगस्टच्या कार्यकारिणीत मजकुरापेक्षा पत्राची वेळ आणि लिहिणाऱ्यांचा हेतू यांवरच जास्त खल झाला. पुढच्याच महिन्यात गुलाम नबी आझाद यांचं सरचिटणीसपद गेलं. दोन वर्षांनी ते पक्षातूनही गेले.

पत्रात पक्षांतर्गत निवडणुकांची मागणी होती. तिचं काय झालं? अध्यक्षपदाची निवडणूक २०२२ मध्ये झाली. मल्लिकार्जुन खर्गेंना ७,८९७ मतं पडली, पत्रावर सही असलेल्या शशी थरूरांना १,०७२. कार्यकारिणीची निवडणूक शेवटची झाली होती १९९७ मध्ये, कोलकात्यात. २०२३ च्या रायपूर अधिवेशनाच्या वेळी ती घेऊ नये असं ठरलं आणि सदस्य नेमण्याचा अधिकार अध्यक्षांच्या हाती दिला गेला.