सायकलची पिशवी : स्वस्त कोणती, महाग कोणती?



सायकल घ्यायची म्हटली की आपण चार दुकाने हिंडतो. रिम पाहतो, टायर दाबून पाहतो, घंटी वाजवून पाहतो, भावात घासाघीस करतो. पण त्याच सायकलीवरून रोज जे वाहून न्यायचे, ते कशात न्यायचे, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. घरात सापडेल ती पिशवी हँडलला अडकवायची, नाहीतर खताचे रिकामे पोते कॅरिअरला सुतळीने आवळायचे, की झाले काम! मग बाजारात पोचेपर्यंत टोमॅटोचा रस होतो, वह्या भिजतात, पिठात माती जाते, आणि एखादे दिवशी पिशवीचा बंद चाकात जाऊन माणूसच रस्त्यावर आपटतो.

आता दारोदार मोटारसायकली आल्या, हे खरे. तरी डेअरीवर दूध घालायला, मळ्यात भाकरी न्यायला, आठवड्याच्या बाजाराला आणि मुलींना शाळेला सायकलच लागते. तिला पेट्रोल लागत नाही. पण पिशवी चांगली लागते. ती कशी निवडावी, तिला किती पैसे घालावेत आणि कोणती वस्तू तिच्यात कधीच ठेवू नये, हे आज पाहू.

ओझे कोठे टांगावे?

बैलाच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या वंजारी-लमाणांच्या गोणी आठवा. एका बैलावर गोणी दोन्ही अंगांना सारखी. घोड्यावरची खुर्जी तशीच, आणि खांद्यावरची पडशीही तशीच, अर्धी पुढे अर्धी मागे. आपल्या वाडवडिलांना हे कोणी शिकवायला आले नव्हते. ओझे दोन्हीकडे सारखे आणि खाली असले की जनावर थकत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. सायकलही त्या बाबतीत जनावरासारखीच आहे.

हँडलला टांगलेली जड पिशवी सगळ्यांत वाईट. वळण घेताना ती झोका घेते आणि पुढच्या चाकाच्या आऱ्यांत जाते. पुढचे चाक एकदम अडले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. काळ्या उभ्या सायकलींना ब्रेकच्या सळया असतात. पिशवीचा बंद त्यांत अडकला, तर उतारावर ब्रेक लागत नाही. म्हणून हँडलला दोन किलोच्या वर काही टांगू नये. पुढे लोखंडी जाळीची बास्केट पक्की बसवलेली असेल तर भाजीची जुडी, डबा, औषधाची चिठ्ठी असे हलके सामान तीत ठेवावे.

जड सामानाची जागा मागच्या कॅरिअरच्या दोन्ही अंगांना. बारा किलो ओझे एकाच बाजूला टांगले तर सायकल सारखी तिकडे ओढते. तेच सहा-सहा किलो दोन्हीकडे वाटले की ओझे आहे हेही जाणवत नाही. म्हणून एका मोठ्या पिशवीपेक्षा दोन मध्यम कप्प्यांची जोडपिशवी बरी. दुकानदार तिला साईड बॅग म्हणतात.

विकत घेण्यापूर्वी ती सायकलवर टाकून पाहा. सीटवर बसून पायडल उलटे फिरवा. टाच पिशवीला लागत असेल, तर पिशवी मागे सरकवा किंवा खालचा पुढचा कोपरा तिरका कापलेली घ्या. पिशवी आणि चाक यांच्यामध्ये काही आडोसा हवा. तो नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून जाड तारेची कमान कॅरिअरला बसवून घ्या. भरलेली पिशवी आत दबून आऱ्यांत जाते, ती या कमानीने थांबते.

कापडाचा कस कसा ओळखावा?

बाजारात पाच-सहा प्रकारच्या पिशव्या दिसतात. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

गोणपाट : तागाचे गोणपाट भरपूर ओझे पेलते आणि त्यातून हवा खेळते. मेथी, पालक, कोथिंबीर यांसाठी ओले गोणपाट उत्तम. त्यातले पाणी उडून जाताना आतला माल थंड राहतो. पण तेच गोणपाट ओले ठेवून दिले तर कुजते. पिठाला आणि वह्यांना ते कामाचे नाही.

प्लॅस्टिकच्या विणीचे पोते : खताची, सिमेंटची पोती या जातीची. नवे असताना मजबूत, पण ऊन हा त्याचा वैरी. उन्हात राहिले की धागे ठिसूळ होतात आणि हाताला पांढरा भुगा लागतो. असा भुगा दिसला की त्या पोत्यावर ओझ्याचा भरवसा ठेवू नये.

रेक्झिन : दिसायला झकपक. वरून पाऊस पडला तरी पाणी आत जात नाही. मात्र घडीवर ते तडकते आणि शिवणीतून पाणी शिरतेच. दुकानात घडी घालून नखाने दाबा. पांढरी रेघ उमटून राहिली, तर ते फार दिवस टिकायचे नाही.

कॅनव्हास : जाड सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि वीण आवळते, त्यामुळे हलक्या सरीत आतले सामान बरेचसे कोरडे राहते. फाटला तर घरी ठिगळ लावता येते. वाळवून ठेवला तर वर्षानुवर्षे चालतो. वजनाला मात्र जड.

ताडपत्री आणि नायलॉन : हलके, मजबूत, पाण्याला चांगले. त्यांचा कस कापडापेक्षा शिवणीवर ठरतो.

म्हणून पिशवी हातात घेतली की आधी ती उलटी करून पाहा. शिवण दुहेरी आहे का? कापडाच्या कडा मुडपल्या आहेत की सुट्या सोडल्या आहेत? बंद जिथे जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली, असा टाका आहे का? बहुतेक पिशव्या कापडात फाटत नाहीत, बंदाच्या मुळाशी उसवतात. दोन्ही हातांनी बंद जोराने ओढून पाहा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

चेनपेक्षा झडप आणि बक्कल बरे. चेनमध्ये धूळ बसते, चिखल बसतो आणि खताच्या क्षाराने ती गंजते. एकदा चेन गेली की चांगली पिशवीही उघडीच राहते.

हिशेब महिन्याचा करा

आपण पिशवीची किंमत विचारतो, आयुष्य विचारत नाही. समजा, एक पिशवी १२० रुपयांना मिळाली आणि सहा महिन्यांत उसवली. म्हणजे ती महिन्याला २० रुपयांना पडली. दुसरी ६०० रुपयांची आहे, पण पाच वर्षे, म्हणजे ६० महिने चालली. ती महिन्याला १० रुपयांना पडली. आता सांगा, महाग कोणती?

यात नुकसान धरलेलेच नाही. कच्च्या पिशवीचा बंद वाटेत तुटून पाच किलो टोमॅटो २० रुपये भावाचे गेले, तर १०० रुपये त्याच दिवशी मातीत गेले. पिशवी जवळजवळ परत विकत घेतल्यासारखेच झाले.

याचा अर्थ महाग ते चांगलेच, असा मात्र नाही. रंगीत चित्रे, चार-चार खिसे, चकचकीत कड्या यांचेही पैसे दुकानदार लावतो. कापड, शिवण, बंद आणि बक्कल या चार गोष्टींना पैसे द्या. बाकीच्यांना देऊ नका. आणि काही वस्तूंना पिशवी हवीच कशाला? टोमॅटो, अंडी, पिकलेला पेरू यांना टोपली किंवा क्रेट बरा. दुधाला झाकणाची किटलीच हवी. एक लिटर दूध एक किलोहून थोडे जडच भरते, तेव्हा दहा-दहा लिटरच्या दोन किटल्या म्हणजे भांड्यांखेरीज वीस किलोंहून अधिक ओझे. त्या किटल्यांसाठी लोखंडी कडे करून घ्यावे, पिशवीवर भार टाकू नये. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, तरी ती सायकलवर आडवी टाकून चालवणे धोक्याचेच. ती बैलगाडीने किंवा शेजाऱ्याच्या टेंपोने आणावी.

घरी शिवायची असेल तर

घरात शिलाई मशीन आणि शिवणारा हात असेल, तर जोडपिशवी घरी होते. ३६ इंची पन्ह्याचे जाड कॅनव्हास किंवा ताडपत्री दोन मीटर घ्या. प्रत्येक कप्पा ४० सेंटिमीटर उंच, ३५ रुंद आणि १५ खोल ठेवा. त्यात सुमारे २१ लिटरची जागा होते. दोन कप्प्यांना जोडणारी मधली पट्टी आपल्या कॅरिअरच्या रुंदीची असावी, म्हणून ते आधी मोजा. झडप कप्प्याच्या तोंडापेक्षा चार बोटे मोठी ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर निथळेल.

बंदासाठी पलंगाची नवार वापरा. ती नुसती वर टाचू नका, कप्प्याच्या बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूला वर आणा. मग ओझे शिवणीवर न येता नवारीवर येते. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा घ्या. मशीनला जाड सुई लावा. चाकाकडच्या बाजूला जुन्या ट्यूबची पट्टी शिवली तर घासून कापड झिजत नाही. अशा पिशवीत दर बाजूला आठ किलोपर्यंत सामान सुखाने जाते.

विषाची पिशवी वेगळी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तालुक्याला गेलेला माणूस येताना कीटकनाशकाची बाटली, पोरांचा खाऊ आणि किराणा एकाच पिशवीत घालून आणतो. ही सवय आजच सोडा.

१९५८ साली एप्रिल-मे महिन्यांत केरळात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. त्यांनी विष घेतले नव्हते, गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाल्ले होते. ते पीठ जहाजातून पॅराथिऑन या कीटकनाशकाबरोबर आणले होते, आणि गळलेले औषध पिठात उतरले होते. या घटनेनंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. कीटकनाशक अन्नाशी किंवा जनावरांच्या खाद्याशी लागेल अशा रीतीने नेऊ नये आणि ठेवू नये, असे त्याखालचे १९७१ चे नियम सांगतात. हा नियम जहाजाला लागू आहे तसाच तुमच्या सायकलच्या पिशवीलाही आहे.

बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हिरवा असला तरी ते विषच. बाटली झाकणाच्या डब्यात किंवा बादलीत उभी ठेवून, भोवती कागद दाबून, कॅरिअरला दोरीने बांधून आणावी. त्या दिवशी मूल सायकलवर बसवू नये. त्या डब्यावर लाल रंगाने खूण करावी आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नये.

पिशवीत औषध सांडले तर ते कापडात मुरते. दोनदा धुतली, वास गेला, म्हणून विष गेले असे समजू नका. अशी पिशवी अन्नासाठी कायमची बाद. खताच्या रिकाम्या पोत्यातून पीठ-डाळ आणू नये. औषध लावलेले रंगीत बियाणे ज्या पिशवीत आले, तीही धान्याला वापरू नये. शंभर-दोनशे रुपयांच्या पिशवीसाठी घरच्या पोटांशी खेळ करू नका.

मुलींच्या सायकली

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. सायकल आली, पण दप्तर पाठीवरच राहिले. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे २०२० चे राष्ट्रीय दप्तर धोरण सांगते. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. सायकलवर तेही पाठीवर कशाला? दप्तर कॅरिअरच्या पिशवीत बसेल असे करा, आणि पावसात वह्यांना आतून प्लॅस्टिकचे वेगळे अस्तर द्या. कॅरिअरवरचा रबरी पट्टा किंवा पिशवीचे बंद लोंबते ठेवू नका. तसेच ओढणी मागे सोडून सायकल चालवू नये, हेही मुलीला सांगा. पिशवीला आणि ओढणीला चाक सारखेच ओढते.

भरलेली पिशवी मागचा लाल रिफ्लेक्टर झाकते, हे ध्यानात ठेवा. संध्याकाळी मागून येणाऱ्या ट्रकला मग सायकल दिसतच नाही. पिशवीच्या मागच्या अंगाला चमकणारी लाल पट्टी शिवून घ्या. खर्च थोडा आणि राखण मोठी.

मृगाच्या आधी

पावसाळ्यापूर्वी आपण नांगर-कुळव पाहतो, तशी पिशवीही पाहावी. ती उलटी करून झटका, धुवा, सावलीत वाळवा. बंदाची मुळे तपासा आणि एक टाका सुटला असेल तर त्याच दिवशी घाला. बादलीभर पाणी वरून ओता आणि आत कोरडा कागद ठेवून पाहा. कागद जिथे भिजेल तिथली शिवण मेणबत्तीच्या मेणाने घासून घ्या. एका दुपारचे हे काम आहे; पुढच्या चार महिन्यांच्या बाजाराला आणि शाळेला त्यामुळे काळजी राहणार नाही.