नळाच्या पाण्यात वाया जाणारी वीज

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या वरच्या वस्तीचं पाणी अकरा दिवस बंद होतं. पाणी होतं, पण बिल थकल्यामुळे मोटारीची वीज तोडली होती. वरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चढण चढत होत्या आणि त्याच आठवड्यात खालच्या आळीत जास्त दाबानं पाइप फुटला होता. गटाच्या मासिक सभेत एका ताईंनी विचारलं, "खाली एवढा जोर वाया जातो, तो वर का नाही वापरता येत?" त्या प्रश्नामागे लागून आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

आमच्या गावाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं. ते आधी वरच्या टाकीत साठतं आणि तिथून उतारानं खाली येतं. उतार जितका मोठा, तितका पाण्याला जोर. तो तसाच नळापर्यंत गेला तर पाइप आणि तोट्या टिकणार नाहीत. म्हणून मध्ये एक छोटी टाकी असते, तिला बीपीटी म्हणतात. तिच्या आधीचा व्हॉल्व्ह आवळून ठेवतात. पाणी तिथे खळखळाट करत पडतं आणि जोर संपतो. ही टाकी आपले पाइप वाचवते, पण पाण्यातली शक्ती तिथे मुरून जाते.

ती शक्ती पकडायला मोठं यंत्र लागतंच असं नाही. आपला नेहमीचा पंप पुरतो, फक्त उलटा चालवायचा. एरवी वीज मोटार फिरवते, मोटार पंपातला पंखा फिरवते आणि पाणी वर चढतं. उलट बाजूनं जोराचं पाणी आत सोडलं की पाणी पंखा फिरवतं, पंखा मोटार फिरवतो आणि योग्य जोडणी केली तर मोटारीतून वीज मिळते. शिलाई मशीनचं चाक पायानं फिरवा किंवा मोटारीनं, चाक तेच. तसंच हे.

हे नवीन खूळ नाही. आपल्या अकोले तालुक्यातल्या घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे विजेची मागणी कमी असते तेव्हा यंत्रं पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की तीच यंत्रं उलटी फिरून वीज देतात. लहान उदाहरण केनियातलं. माउंट केनियाच्या पायथ्याशी थिमा गावात ओढ्याच्या पाण्यावर उलटा चालवलेला पंप सुमारे 2 किलोवॅट वीज देत होता आणि त्यावर शंभराहून जास्त घरांत दिवे लागत होते.

आता आपला हिशोब. एका सेकंदाला किती लिटर पाणी येतं आणि वाया जाणारा दाब किती मीटरचा, हे दोन आकडे गुणायचे, त्याला दहानं गुणायचं आणि निम्मं करायचं. उत्तर वॅटमध्ये येतं. निम्मं का? कारण यंत्रात आणि तारेत बरंच जातं.

आम्ही 200 लिटरचा ड्रम लावला. तो 40 सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला 5 लिटर. पाणी चालू असताना व्हॉल्व्हच्या आधी दाबमापकावर 4 किलो दाब दिसला. एक किलो म्हणजे साधारण 10 मीटर, म्हणून 40 मीटर. पाच गुणिले चाळीस गुणिले दहा, 2000. निम्मे 1000 वॅट. म्हणजे तासाला एक युनिट. पाणी रोज सहा तास चालतं, म्हणून दिवसाला सहा युनिट.

वरच्या वस्तीची मोटार 3 एचपीची. ती रोज दोन तास चालते आणि साधारण पाच युनिट खाते. युनिट जुळले, पण 1000 वॅटवर 3 एचपीची मोटार उचलणार नाही. तिथे लहान मोटार बसवून जास्त तास चालवावी लागेल. हे ऐकून आमचा उत्साह थोडा उतरला, पण खोट्या आशेपेक्षा हे बरं.

एका मैत्रिणीनं विचारलं, "मग मोटारीनं चढवलेलं पाणी खाली सोडून त्याच विजेवर मोटार का चालवू नये?" नाही जमत. चढवताना शक्ती गळते, उतरताना पुन्हा गळते. शंभर रुपये घालून तीस-पस्तीस परत आले, तर तो धंदा कोण करेल? जो दाब नळाला नकोच आहे, तेवढाच वापरायचा.

चार गोष्टी लक्षात ठेवा. पंपाच्या शेजारून दुसरा पाइप हवाच, म्हणजे यंत्र बंद पडलं तरी गावाचं पाणी थांबणार नाही. पाणी कमीजास्त झालं की उलटा पंप नीट चालत नाही, म्हणून तो इंजिनिअरकडूनच निवडून घ्यावा. पाणी पिण्याचं आहे, त्यात तेल-ग्रीस उतरता कामा नये. आणि वीज कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय गावच्या लाईनला काही जोडू नये. लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असेल, तर आपली वीज त्याचा जीव घेईल.

आमचं काम अजून झालेलं नाही. हा हिशोब आम्ही ग्रामसभेत मांडला. वरच्या वस्तीमुळे बिल येतं असं म्हणणारेही तेव्हा गप्प बसून ऐकत होते. इंजिनिअरनं सगळ्या लाईनचा दाब मोजावा, असा ठराव झाला. जल जीवन मिशनच्या नियमांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. त्या खुर्च्यांवर नुसतं सहीपुरतं बसू नका. तुमच्या गावात बीपीटी कुठे आहे ते विचारा, ड्रम आणि घड्याळ घेऊन जा आणि आकडे वहीत लिहा. आकडा हातात असला की सभेत आपला आवाज चढवावा लागत नाही.