लीड्स वाढवण्याआधी शोरूमचा मॅप बघा

कार डीलरने डिजिटल मार्केटिंगचा सल्लागार नेमला की पहिली मागणी ठरलेली: "लीड्स वाढवा!" माझ्या मते चांगला सल्लागार आधी जाहिरातीला हातच लावत नाही. तो गूगल मॅप्सवर शोरूम शोधतो. विक्री आणि सर्व्हिस सेंटरची प्रोफाइल वेगवेगळी ठेवायची मुभा गूगल देतं. तशी ठेवली नसतील, तर सर्व्हिसवर वैतागलेल्या गिऱ्हाइकाने दिलेला एक स्टार नवी गाडी घ्यायला निघालेल्याला दिसतो. वर फोन लागतो तो थेट वर्कशॉपमध्ये.

मग किंमत. गिऱ्हाईक विचारतं, "ऑन-रोड किती?" उत्तर येतं, "सर, शोरूमला या, बेस्ट डील देतो." तोवर त्याने दुसऱ्या डीलरला मेसेज टाकलेला असतो. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, ॲक्सेसरीज अशी फोड करून आकडा व्हॉट्सॲपवर लगेच पाठवायला काय जातं? आकडा मात्र ताजा हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वेबसाइटवर जुनी किंमत राहिली तर गिऱ्हाईक हातचं गेलंच.

जाहिरातीच्या बजेटचंही तसंच, वेळ साधायला हवी. दसऱ्याला गाडी घरी आणायची तर बुकिंग आधीच होतं. त्याआधीच्या पितृपक्षात खरेदी टाळणारे लोक रिव्ह्यू आणि ईएमआय बघतच असतात, त्यामुळे तेव्हा जाहिराती बंद ठेवणं मला तरी पटत नाही.

आणि हो, एजन्सीचा रिपोर्ट आला की प्रति लीड खर्चावर खूश होऊ नका. टेस्ट ड्राइव्ह किती झाल्या, बुकिंग किती, तेवढं विचारा.