विश्लेषण : ब्लाऊजपीस एकच, संधीही एकच! घरी शिवताना नेमके कुठे चुकते?

साडीसोबत येणारा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटीमीटर ते एक मीटर असतो. तो चुकीचा कापला गेला, तर त्याच रंगाचे, त्याच काठाचे कापड पुन्हा मिळेलच असे नाही. त्यामुळे घरी मशीन असूनही अनेक जणी चांगल्या साडीच्या ब्लाऊजला हात लावत नाहीत. मात्र नवशिक्यांची फजिती बहुतेक वेळा मशीनवर होत नाही, ती कात्री चालवण्याआधीच ठरलेली असते. ती कशी टाळायची?

कापड आधी भिजवावे का?

कापड तयार होताना त्याचे धागे ताणलेले असतात. पाण्यात पडले की ते सैल होतात आणि कापड आटते. आधी न आटवलेले सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते. म्हणजे ३८ इंच घेर चार टक्के आटला, तर दीड इंच गेला. म्हणून सुती कापड काही तास पाण्यात भिजवावे, न पिळता वाळवावे आणि किंचित दमट असताना इस्त्री करावी. रेशमी, जरीचे कापड भिजवू नये. पण त्याचे सुती अस्तर भिजवलेच पाहिजे. अन्यथा पुढे पाणी लागल्यावर एकटे अस्तर आटते आणि शिवणीजवळ चुण्या पडतात.

उभा आणि आडवा धागा कसा ओळखायचा?

काठाला समांतर जातो तो उभा धागा, त्याला काटकोनात जातो तो आडवा. उभा धागा सर्वात कमी ताणतो, तर तिरके म्हणजे उरेब कापड सर्वात जास्त. त्यामुळे ब्लाऊजचे पुढचे-मागचे भाग उभ्या धाग्यावर कापतात आणि गळ्याच्या वळणावर बसणारी पट्टी उरेब घेतात.

साडीचा काठ बाहीच्या टोकाला हवा असेल, तर बाही आडव्या धाग्यावर कापावी लागते. अशा वेळी सर्वात आधी बाह्यांची जागा ठरवावी. १४ इंच रुंदीच्या दोन बाह्या एकाच काठावर शेजारी ठेवल्या, तर २८ इंच म्हणजे सुमारे ७१ सेंटीमीटर लांबी लागते. ८० सेंटीमीटरच्या कापडात उरले किती, याचा अंदाज इथेच येतो.

छाती ३६ इंच, तर कापायचे किती?

अंगाचे माप आणि कपड्याचे माप एक नसते. श्वास घेण्यासाठी, हात हलवण्यासाठी थोडी जागा लागते. शिंपी तिला ‘लूजिंग’ म्हणतात. अंगाबरोबर बसणाऱ्या ब्लाऊजसाठी एक ते दोन इंच, तर कुर्त्यासाठी तीन-चार इंच लूजिंग धरता येते. छाती ३६ इंच आणि लूजिंग दोन इंच, असे एकूण ३८ झाले. त्याचा चौथा भाग साडेनऊ इंच. ही झाली शिलाईची रेघ. तिच्या बाहेर बाजूच्या शिवणीसाठी एक ते दीड इंच माया सोडून मगच कापायचे. पुढे ब्लाऊज घट्ट झाला, तर हीच माया उपयोगी पडते.

कागदी नमुना कशासाठी?

वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये विक्रीस आणले. कागद चुकला तर दुसरा घेता येतो. हाच नमुन्याचा फायदा आहे. नमुना तपकिरी कागदावर काढावा. वर्तमानपत्राची शाई रेशमाला लागू शकते. नमुन्यावर उभ्या धाग्याची रेघ आखावी. कापडावर ठेवल्यावर ती रेघ आणि काठ यांतले अंतर दोन्ही टोकांना टेपने मोजावे. ते सारखे भरले, तरच कात्री लावावी.

आधी चाचणी कशावर घ्यावी?

मांजरपाट किंवा जुनी सुती चादर यासाठी पुरेशी आहे. नमुना त्यावर कापून मोठ्या टाक्यांची कच्ची शिलाई मारावी आणि घालून पाहावे. हुकांपाशी आडव्या सुरकुत्या ओढल्या जात असतील, तर घेर कमी पडतो आहे. हात वर केल्यावर सगळा ब्लाऊज वर सरकत असेल, तर मुंढा बहुधा गरजेपेक्षा खोल झाला आहे. खांदा घसरत असेल, तर गळा रुंद आहे. प्रत्येक दुरुस्ती लगेच कागदी नमुन्यावर उतरवावी.

नमुन्यावर तारीख आणि माप लिहून तो जपून ठेवावा. पुढच्या साडीच्या वेळी छाती, दंडघेर आणि कंबर पुन्हा मोजावी. फरक नसेल, तर तोच कागद वापरता येतो. चाचणीत एखादी संध्याकाळ जाते, पण त्यामुळे साडीचा एकुलता एक ब्लाऊजपीस वाचतो.