कालची एसडीबी, आजची एसडीसी

मैलापुरात बऱ्याच घरांच्या पत्त्यात दोन नंबर असतात, जुना आणि नवा. महापालिकेने क्रमांक बदलले, पण लोकांनी जुने सोडले नाहीत. कचेरी रोडजवळच्या एका छोट्या वाचनालयाचे संगणक मी सांभाळते. त्यांवर 'बॉस' आहे, म्हणजे सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने तयार केलेलं लिनक्स. नवा मदतनीस आला की डिस्कची नावं मी त्याला या दोन नंबरांवरूनच शिकवते.

युनिक्समध्ये डिस्कसुद्धा फाइल म्हणूनच दिसते, 'डेव्ह' या फोल्डरमध्ये. बेल लॅब्जच्या १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही तसंच आहे. तिथे एका डिस्कचं नाव 'आरके०', कारण यंत्र आरके जातीचं.

लिनक्सवर जुन्या आयडीई डिस्कचं नाव जागेवरून ठरायचं. पहिल्या केबलवरची मास्टर 'एचडीए', स्लेव्ह 'एचडीबी'. दुसऱ्या केबलवरची मास्टर 'एचडीसी'. मधली काढली तरी एचडीसीचं नाव बदलत नसे. स्कझी डिस्कचा न्याय वेगळा: आधी सापडेल ती 'एसडीए', मग 'एसडीबी', 'एसडीझेड' संपलं की 'एसडीएए'. साटा आणि यूएसबी डिस्कही याच रांगेत आल्या, आणि २००७ साली फेडोरा ७मध्ये आयडीईवाल्याही.

हल्लीच्या एनव्हीएमईचं नाव लांबलचक असतं, पण ते सगळं सांगतं. 'एनव्हीएमई०एन१पी२' म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर, त्यातली पहिली नेमस्पेस आणि तिचं दुसरं पार्टिशन. 'पी' नसता तर शेवटचे आकडे 'बारा' असे वाचले गेले असते.

खरी गोची एसडीवाल्यांची. बॅकअपची यूएसबी डिस्क लावून संगणक सुरू केला, की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. सुरुवातीला कोणती डिस्क कुठे जोडायची ते 'एफएसटॅब' या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथे एसडीबी लिहून ठेवलं, तर संगणक नको ती डिस्क उघडेल, नाहीतर सुरू होतानाच अडेल.

म्हणून आम्ही तिथे यूयूआयडी लिहितो. फाइलसिस्टिम तयार होताना तिला मिळणारी ही १२८ बिटांची खूण केबल बदलली तरी तीच राहते. 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा दिली की दिसते. मात्र डिस्कची हुबेहूब प्रत काढली, तर खूणही जशीच्या तशी उतरते. एकाच यंत्रात दोघी जोडल्या, की यूयूआयडीवरून मूळ कुठली आणि प्रत कुठली ते कळत नाही.

अशा वेळी 'डेव्ह'मधल्या 'डिस्क' फोल्डरातलं 'बाय-आयडी' उघडायचं. तिथल्या नावांत मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, आणि तोच नंबर सहसा डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो. डिस्क पुसायची आज्ञा देण्याआधी मदतनिसाने लेबलवरचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि मी तो पडद्यावर ताडून पाहायचा, असा आमचा नियम आहे. तोवर एंटर दाबायचं नाही.