माणसे मोजावयाची की यंत्रे?

भोर किंवा वेल्हे तालुक्यातील (वेल्ह्यास आता राजगड म्हणावयाचे) एखाद्या पतसंस्थेपुढे संगणकीकरणाचे दरपत्रक येते, तेव्हा संचालक मंडळात घासाघीस होते ती यंत्रांच्या किमतीवर. संगणक किती घ्यावयाचे, वीज गेल्यावर बॅटरी किती तास टिकणार, हे प्रश्न आपल्या डोंगरी मुलखात रास्तच आहेत. दरपत्रकाच्या तळाशी मात्र ‘डेटाबेस सर्व्हर परवाना’ अशी एक ओळ असते, आणि ती न वाचताच ठराव मंजूर होतो. सभासदांच्या ठेवी, कर्जे व व्याज यांची प्रत्येक नोंद ज्या भांडारात साठते, ते भांडार वापरण्याची अनुमती म्हणजे ही ओळ.

या अनुमतीचे स्वरूप आधी ध्यानी घेतले पाहिजे. सॉफ्टवेअरची तयार प्रत हा विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ मध्ये ठरविले. पुढे २०२१ मध्ये प्राप्तिकराच्या संदर्भात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी प्रत घेणाऱ्यास तिच्या कॉपीराइटचा कोणताही अंश मिळत नाही. मिळतो तो करारात लिहिलेल्या मर्यादेत वापरण्याचा अधिकार. ट्रॅक्टर विकत घेतल्यावर तो किती जणांनी चालवावा हे विकणारा सांगत नाही. येथे सांगतो.

का सांगतो, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही देता यावे. अशा सॉफ्टवेअरची पहिली प्रत घडविण्यास अमाप खर्च येतो, दुसरीस जवळजवळ शून्य. किंमत सीमान्त खर्चाशी बांधली तर पहिल्या प्रतीचा खर्च कधीच निघावयाचा नाही. म्हणून विक्रेता ग्राहकाची ऐपत मोजू पाहतो; आणि ऐपत डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिच्याऐवजी दिसणारे काहीतरी मोजतो. कालव्याच्या पाण्याची आकारणी पिकाखालील क्षेत्रावर करावी की घनमापावर, हा प्रश्न भाटघरच्या परिसरात नवा नाही. परंतु एका शेतात मुरलेले पाणी दुसऱ्यास मिळत नाही, सॉफ्टवेअर मात्र कितीही जणांनी वापरले तरी आटत नाही. येथील मोजपट्टी टंचाईतून आलेली नसते, ती विक्रेत्याने निवडलेली असते.

मोजपट्ट्या मुख्यतः दोन. उदाहरणादाखल मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर घेऊ. त्याच्या २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीसाठी कंपनीने जाहीर केलेल्या अमेरिकी दरांनुसार सर्व्हरच्या परवान्यास ९८९ डॉलर आणि त्याशिवाय प्रत्येक वापरकर्त्यामागे २३० डॉलर पडतात. दुसरी रीत प्रोसेसरमधील कोअर मोजण्याची. दोन कोअरच्या जोडीस ३,९४५ डॉलर, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे निदान चार कोअरचा परवाना घेतलाच पाहिजे. मग माणसे कितीही असोत. भारतातील विक्रेता निराळा भाव सांगेल. आपण पाहावयाचे ते परस्परप्रमाण. चार कोअरचे होतात ७,८९० डॉलर, तर माणशी हिशेबाने तीस वापरकर्त्यांचे होतात ७,८८९. एका डॉलरचा फरक! सर्व्हर आठ कोअरचा असेल तर चौसष्ट माणसांपर्यंत माणशी परवाना स्वस्त पडतो. ऑरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीचे जाहीर दर प्रोसेसरला ४७,५०० डॉलर आणि नामनिर्दिष्ट वापरकर्त्यास ९५० डॉलर असे राहिले आहेत. तेथे ही सीमा बरोबर पन्नासावर येते.

भोरला मुख्य कचेरी, दोन-तीन शाखा आणि पंधरा कर्मचारी असलेल्या संस्थेस माणशी परवाना परवडेल, असा निष्कर्ष कोणीही काढील. फसगत होते ती येथेच, कारण ‘वापरकर्ता’ या शब्दाचा करारातील अर्थ बोलीतल्या अर्थाहून बराच रुंद आहे. माणशी परवान्यातही दोन पोटभेद आहेत. एकाच संगणकावर आळीपाळीने दोन लिपिक बसत असतील, तर यंत्रागणिक परवाना स्वस्त पडतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस संगणक व दोनशे विद्यार्थी असतील तेथेही तोच घ्यावा. उलट जो व्यवस्थापक कचेरीत संगणकावर आणि घरी मोबाइलवर हिशेब पाहतो, त्याच्या नावे माणसागणिक परवाना घेणे हिताचे.

आता पिग्मी प्रतिनिधीचा विचार करा. तो दिवसभर बाजारपेठेत फिरून ठेवी गोळा करतो आणि संध्याकाळी कागदावरचा हिशेब लिपिकाच्या हाती देतो. लिपिक तो स्वतः संगणकात भरतो. तेव्हा प्रतिनिधीसाठी परवाना लागत नाही. परंतु त्याच्या हातात यंत्र दिले आणि त्यातील नोंदी आपोआप सर्व्हरवर चढू लागल्या, की तो वापरकर्ता झाला. मध्ये दुसरा संगणक वा दुसरी प्रणाली ठेवून संख्या कमी दाखविता येत नाही. करार शेवटच्या टोकाची माणसे वा यंत्रे मोजतो. पंधरा कर्मचारी आणि असे वीस प्रतिनिधी म्हणजे पस्तीस. चार कोअरची सीमा ओलांडली. आणि सभासदांना खाते पाहण्यासाठी मोबाइल ॲप दिले तर हजारो सभासद मोजणीत येतात. माणशी परवान्याचा हिशेब मग उरतच नाही, कोअरचाच परवाना घ्यावा लागतो. ॲपची जाहिरात करणारे संचालक मंडळ ही गोष्ट वार्षिक सभेत सांगते काय?

काही पुरवठादार याच सर्व्हरची मोफत ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती बसवितात. ते बेकायदा नाही आणि तिच्यात माणसेही मोजली जात नाहीत. मात्र २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० गिगाबाइटची मर्यादा आहे, ती २०२५ च्या आवृत्तीत ५० पर्यंत वाढविली गेली. नुसत्या आकड्यांना १० गिगाबाइट पुष्कळ. सह्या, छायाचित्रे व कर्जप्रकरणांचे कागद त्यातच साठविले की भांडे भरते आणि एका सकाळी नवी नोंद घेतली जात नाही. चोरून बसविलेल्या प्रतीचे प्रकरण याहून गंभीर. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्याच्या लाभासाठी नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते. पतसंस्थेचा कारभार हा धंदा नव्हे असे म्हणणे मात्र कठीण.

जेथे मोजणीच नाही असाही मार्ग आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून पोस्टग्रेस-एसक्यूएल हा डेटाबेस घडला. त्याला परवानाशुल्क नाही, माणसांची वा कोअरची गणना नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कारभारासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. तथापि ‘फुकट’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. परवान्याचा खर्च वाचतो, देखभालीचा वाचत नाही; आणि पुण्याहून वेल्ह्यास येणाऱ्या जाणकाराचा दिवस कोणीतरी भरून द्यावाच लागतो. शिवाय पतसंस्थेचे सॉफ्टवेअर एका डेटाबेससाठी लिहिलेले असेल, तर ते रातोरात दुसऱ्यावर चालत नाही.

दरपत्रकावर सही करण्यापूर्वी सचिवांनी पुरवठादारास लेखी विचारावे: आवृत्ती कोणती, मोजणी कशाची, पिग्मी यंत्रे व ॲप तीत धरले आहेत काय, आणि परवाना कोणाच्या नावे आहे? हा शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. परवाना पुरवठादाराच्या नावे असेल, तर पुरवठादार बदलण्याच्या दिवशी सभासदांच्या नोंदी संस्थेच्या असतात, पण त्या उघडणाऱ्या सर्व्हरचा परवाना तिच्याकडे नसतो.