मांजराच्या पिसवा आणि जंत, कमी खर्चात

धारवाडचा पाऊस लागला की मांजरं कराकरा खाजवू लागतात. शेपटीच्या मुळाशी केस फिस्कारून काळे कण दिसतात का बघा. ते ओल्या कापसावर ठेवल्यावर तांबडे पसरले, तर पिसवा नक्की. उवांची फणी आणि साबणाचं पाणी, एवढ्यानं बऱ्याच निघतात. उरलेल्यांना मानेवर फिप्रोनिलचे थेंब, पण मांजरांसाठीचेच! कुत्र्याचं औषध अर्धं करून लावण्याची काटकसर नको. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराच्या जिवावर बेतेल. चाटताना पिसू पोटात गेली की पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या कणीएवढे तुकडे दिसले तर प्राझिक्वांटेलची गोळी, वजन करूनच. डोस हुबळी-धारवाडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. आणि हो, अंथरूण गरम पाण्यात धुवा. पिसवांची अंडी तिथंच असतात.